कुत्र्यांतील ॲलर्जी : ओळख आणि निगा



कापडाच्या व्यापाऱ्याने कुत्र्यांच्या ॲलर्जीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी पशुवैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु घरच्या कुत्र्याचे केस गळून कातडी लाल झाली की 'हा रोग मुलांना लागेल' या भयाने त्याला नदीपात्रात सोडून देण्याची भाषा आपल्या नारायण पेठेतही ऐकू येते. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी, जैन व हिंदू रस्त्यावर उतरले आणि १८३४ मध्ये तेथे पांजरपोळ उभी राहिली. ती कुत्री तर रस्त्यावरची होती!

ॲलर्जी संसर्गजन्य नाही. ती माणसाला लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही नाही. खरूज मात्र लागू शकते, आणि दिसण्यात दोन्ही सारखीच. म्हणून पशुवैद्याकडून तपासणी हे पहिले काम. अंगाला रॉकेल किंवा जळके तेल चोपडणे हा निव्वळ छळ आहे.

ॲलर्जी झाली की माणूस शिंकतो. कुत्रा बहुधा खाजवतो. तो पंजे सतत चाटतो, कान झटकतो, तोंड सतरंजीवर घासतो. काखा व पोट लाल होते. खाज शेपटीच्या मुळाशी व कमरेवर असेल, तर पिसवांचा संशय घ्यावा. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असल्यास मोजके चावेही पुरतात. पिसवांची अंडी व अळ्या कुत्र्याच्या अंगापेक्षा त्याच्या अंथरुणात आणि फरशीच्या भेगांत अधिक असतात.

येथे जीवहिंसेची शंका निघते. तिचा मी आदर करतो. अंथरूण दर आठवड्यास धुणे, जुन्या वाड्यांतील भेगा झाडून बुजवणे, म्हणजे जीवोत्पत्तीच होऊ न देणे, ही आपली जयणाच आहे. तरीही आश्रयाला असलेला मुका जीव रक्त येईतो खाजवत असेल, तर पशुवैद्याचे औषध नाकारण्याला मी दया म्हणणार नाही.

धुळीविषयी कापडवाल्याला सांगावे लागत नाही. गाद्या-रजयांच्या धुळीतील सूक्ष्म जीव आणि परागकण यांची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात प्रकट होते. गाजर गवताची भारतातील पहिली नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच झाली. ते माणसांच्या त्वचेला बाधते, तसेच जनावरांच्याही. फिरवून आणल्यावर कुत्र्याचे पंजे व पोट ओल्या सुती फडक्याने पुसून कोरडे करावे. (हे मी धंद्याच्या दृष्टीने सांगत नाही!)

आता आहार. दूध, गहू, मांसान्न यांपैकी कशाचीही ॲलर्जी असू शकते, आणि रक्ततपासणीने ती खात्रीने कळत नाही. उपाय एकच, तोही आपल्या परिचयाचा : आयंबिलासारखा. पशुवैद्याने ठरवलेले, पूर्वी कधी न खाल्लेले अन्न सुमारे आठ आठवडे. दुसरे काहीही नाही. खाज थांबली, तर जुने पदार्थ एकेक करून द्यावेत. ज्याने खाज परत येईल, तो वर्ज्य. आजी मायेने एक बिस्किट भरवते आणि सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. हे व्रत कुत्र्यापेक्षा घरच्यांनाच कठीण जाते.

ॲलर्जी बहुधा समूळ जात नाही, आटोक्यात राहते. घरातील पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन कुत्र्याला कदापि देऊ नये, ते जिवावर बेतू शकते. जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइडच्या गोळ्या आणू नयेत. तोंड एकाएकी सुजले किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आपण व्यापारी माणसे रोजमेळ लिहितो. तशीच एक वही कुत्र्यासाठी ठेवावी : कोणत्या दिवशी काय खाल्ले, कोठे फिरला, अंगावर कोठे खाज होती, कोणते औषध दिले. पशुवैद्याकडे जाताना ती बरोबर न्यावी.

जय जिनेंद्र.