सुट्या भागांची गल्ली



एक बाजारपेठ उठली तर त्यात हळहळण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. दुकाने येतात, दुकाने जातात. हा व्यापाराचा धर्मच आहे. परंतु काही दुकाने अशी असतात की ती गेली म्हणजे मालाबरोबर एक विद्याही जाते. अशाच एका गल्लीची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

ही गल्ली न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, कोर्टलंड स्ट्रीटच्या परिसरात होती. १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल आकाशमार्गे ऐकविले, आणि पुढच्याच वर्षी हॅरी श्नेक नावाच्या गृहस्थाने येथे ‘सिटी रेडिओ’ हे दुकान थाटले. बघता बघता दुकानाशेजारी दुकान लागत गेले आणि त्या भागाला ‘रेडिओ रो’ हे नाव पडले. तयार रेडिओ महाग पडे. सुटे भाग मात्र स्वस्त मिळत. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायला तांब्याची तार, गॅलिनाचा एक खडा, त्यावर टेकवायची बारीक तार, एक कंडेन्सर आणि कानाला लावायचा हेडफोन, एवढ्या सामग्रीवर गाणे ऐकू येई. याला ना बॅटरी लागे, ना घरची वीज. लहरींतून जी अत्यल्प शक्ती एरियलमध्ये उतरे, तिच्यावरच हेडफोनचा पडदा थरथरे. ज्या मुलाने हा संच स्वतः जुळविला, त्याला विद्युत्-चुंबकीय लहरी खऱ्या आहेत हे निराळे पटवून द्यावे लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले सामान विक्रीला निघाले आणि या छंदाला भरती आली. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर गावी हीथ कंपनी होती. पूर्वी ती चक्क विमानांचे सुटे संच विकीत असे. १९४७ साली तिने असल्या युद्धशिल्लक मालातून ऑसिलोस्कोपचा संच काढला. विजेच्या लहरी पडद्यावर दाखविणारे हे यंत्र तयार घ्यायचे तर त्याच्या कितीतरी पट दाम मोजावे लागत. हीथने ते एकोणचाळीस डॉलर पन्नास सेंटला दिले. बरोबर एक पुस्तिका येई. एक कृती पुरी झाली की तिच्यापुढे खूण करायची आणि पुढच्या कृतीकडे वळायचे. स्वयंपाकघरातल्या नव्या सुनेला सासूने हाताशी धरून शिकवावे, तशी ती पुस्तिका शिकवी. स्टीव्ह जॉब्झने पुढे सांगितले आहे की, भोवतालच्या वस्तू माणसांनीच बनविलेल्या असतात, त्या जादूने उगवत नाहीत, हे आपल्याला या हीथकिट संचांनी उमगले.

मग हे सारे गेले कसे? रेडिओ रो तर सरळ पाडण्यात आला. तेथे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारायचे ठरले. तीनशेहून अधिक दुकानदारांनी झुंज दिली. लहान व्यापाऱ्याची प्रेतयात्रा म्हणून त्यांनी रस्त्यातून शवपेटी मिरविली, कोर्टाची पायरीही चढली. १९६३ साली निकाल विरुद्ध गेला, आणि १९६६ च्या मार्चमध्ये घरे पाडायला सुरुवात झाली.

परंतु सगळा दोष बांधकामाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. सुटा संच स्वस्त पडे, कारण जुळणीची मजुरी गिऱ्हाईक स्वतः करी. पुढे यंत्रेच जुळणी करू लागली आणि त्या मजुरीची किंमत नाहीशी झाली. १९५८ साली जॅक किल्बीने एकाच चकतीवर संपूर्ण मंडल उभे करून दाखविले, आणि क्रमाक्रमाने भाग इतके बारीक झाले की हाताने सोल्डर करणे दुरापास्त झाले. हीथने १९९२ मध्ये संच काढणे थांबविले. १९२१ मध्ये बॉस्टनला निघालेल्या ‘रेडिओ शॅक’ने २०१५ साली दिवाळे जाहीर केले.

यावर कोणी म्हणेल, आज तर सुटे भाग घरपोच येतात! इटलीतल्या आर्डुइनोने २००५ पासून आणि इंग्लंडच्या रास्पबेरी पायने २०१२ पासून हजारो मुलांच्या हाती नवी खेळणी दिली आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आजही सुटे भाग विकतोच. हे सर्व आम्हाला मान्य आहे. माल मिळेनासा झाला, अशी आमची तक्रारच नाही. टपालाने भाग येतो, पण त्याच्याबरोबर फळीपलीकडचा माणूस येत नाही. “हा रेझिस्टर नको, संच जळेल,” असे सांगणारा तो जाणता विक्रेता हाच त्या दुकानातला खरा शिक्षक होता, आणि त्याची शिकवणी फुकट होती.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जी वस्तू आपण उघडू शकत नाही, तिचे आपण मालक असतो की केवळ भाडेकरू? आज झाकणे चिकटविलेली असतात, स्क्रू मुलखावेगळे असतात, आकृती छापलेली नसते. म्हणूनच ज्या न्यूयॉर्कमध्ये ती गल्ली पाडली गेली, त्याच राज्याला २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा लागला. उत्पादकाने सुटे भाग, हत्यारे आणि माहिती ग्राहकाला द्यावी, असे तो सांगतो. रेडिओ रोमध्ये जे न मागता मिळे, त्यासाठी आता कायदा लागतो!

कायदा हक्क देईल, पण हात देणार नाही. तो घरीच घडवावा लागतो. म्हणून आमची विनंती लहानशीच आहे. घरात सेलवर चालणारी एखादी वस्तू बंद पडली असेल, तर ती भंगारात टाकण्यापूर्वी सेल काढा आणि मुलाच्या हाती स्क्रूड्रायव्हर द्या. ती दुरुस्त होईलच असे नाही. पण आत काय आहे, हे त्याने एकदा पाहिलेले असेल.