जिंकण्याचाही पंचनामा



स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्याने यशाची गुरुकिल्ली सांगायची, अपयशाने खचू नका म्हणायचं आणि बक्षिसं वाटून मोकळं व्हायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी आज एका हरलेल्या संघाबद्दल बोलणार आहे, आणि तेही खचू नका हे सांगण्यासाठी नाही. २०१३ ते २०२० या आठ मोसमांत आयपीएलचे पाच चषक जिंकणारा मुंबई इंडियन्सचा संघ २०२२ मध्ये पहिले आठही सामने हरला आणि चौदापैकी चार सामने जिंकून दहा संघांत दहावा आला. असं का झालं, याची उत्तरं त्या उन्हाळ्यात प्रत्येक पेठेत, प्रत्येक चहाच्या गाड्यावर तयार होती. कप्तान रोहित शर्माचा फॉर्म गेला, लिलावात पैसे उधळले, यश डोक्यात गेलं. यातल्या एखाद्या उत्तरात तथ्य असेलही. माझी तक्रार वेगळी आहे. संघ हरला की आपण पंचनामा करतो आणि जिंकला की हलगी लावतो. जिंकलेल्या वर्षांचा पंचनामा कुणी केलाच नाही, म्हणून २०२२ चा निकाल आभाळातून पडल्यासारखा वाटला.

तो पंचनामा आज करू. मे २०१७, हैदराबादचा अंतिम सामना. मुंबईची अवस्था ७ बाद ७९. कृणाल पांड्याच्या ४७ धावांमुळे कशीबशी १२९ पर्यंत मजल गेली. समोर रायझिंग पुणे सुपरजायंट, म्हणजे त्याच मोसमात आधीच्या तिन्ही लढतींत मुंबईला हरवून बसलेला संघ. शेवटच्या षटकात पुण्याला ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनने लागोपाठच्या चेंडूंवर मनोज तिवारी आणि स्टीव्ह स्मिथ यांना बाद केलं आणि मुंबईने चषक जिंकला तो एका धावेने. दोन वर्षांनी तेच मैदान, या वेळी समोर चेन्नई. मलिंगाच्या आधीच्या एका षटकात २० धावा निघालेल्या, तरी शेवटचं षटक त्याच्याच हाती. अखेरच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना आपला पालघरचा शार्दुल ठाकूर पायचीत झाला आणि पुन्हा एका धावेने निकाल लागला. पाच चषकांपैकी दोन एकेका धावेचे. दोन्ही सामन्यांत बॅटची कड लागून एकेक चेंडू सीमेपलीकडे गेला असता, तर आज आपण तीन चषकांच्या संघाबद्दल बोलत असतो, आणि रोहित शर्माच्या शांत डोक्यावर जे लेख लिहिले गेले त्यांतले निम्मे स्मिथच्या आणि धोनीच्या नावावर छापले गेले असते.

यावर कुणी म्हणेल, मग काय सगळा नशिबाचा खेळ? तसं मुळीच नाही. त्या काळात स्पर्धेत साधारण आठ संघ खेळत होते. निव्वळ चिठ्ठ्या टाकून विजेता ठरवला असता, तर एका संघाच्या वाट्याला आठ वर्षांत सरासरी एक चषक आला असता. मुंबईने पाच मिळवले. त्यातले दोन नशिबाच्या खात्यात टाकले तरी उरलेले तीन कर्तृत्वाचेच आहेत. एका धावेच्या २०१९ मध्येही त्यांनी अंतिम सामन्याआधी चेन्नईला तीनदा हरवलेलं होतं, आणि २०२० मध्ये तर वादाला जागाच नव्हती: गुणतक्त्यात पहिले, अंतिम सामन्यात दिल्लीवर पाच गडी राखून विजय, मोसमात बुमराचे २७ आणि ट्रेंट बोल्टचे २५ बळी. म्हणजे पंचनाम्यातून विजय लहान ठरतो असं नाही. कोणता विजय किती भरीव होता, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक आहे. जिंकला तो जिंकला, एका धावेने काय नि शंभर धावांनी काय, चषक तोच ना? चषक तोच, हे मान्य. पण कोल्हापूरकरांनी हा आक्षेप घेऊ नये. खासबागेच्या मैदानात बसणारा जाणता शौकीन मल्लाचा हात वर झाला एवढ्यावर कधीच समाधानी नसतो. चीतपट केली की गुणांवर सुटली, डाव स्वतः टाकला की समोरच्याची चूक पदरात पडली, दम कुणाचा आधी गेला, याची चर्चा गंगावेशीपासून मोतीबागेपर्यंत आठवडाभर चालते. पुढच्या कुस्तीत कोण टिकेल याचा त्याचा अंदाज बरा निघतो तो या चर्चेमुळे. निकाल झालेल्या लढतीबद्दल सांगतो. पुढच्या लढतीबद्दल सांगतं ते जिंकण्याचं स्वरूप. कुस्तीत आपल्याला जे उपजत कळतं, ते क्रिकेटचा आणि परीक्षेचा निकाल पाहताना आपण का विसरतो, हे मला पडलेलं कोडं आहे.

आता २०२१ कडे पाहू, कारण इशारा तिथेच होता. मुंबईचे चौदा गुण झाले, कोलकात्याचेही चौदाच. धावगतीवर कोलकाता वर सरकलं आणि मुंबई पाचव्या क्रमांकावर राहिली. शेवटच्या सामन्यात हैदराबादविरुद्ध २३५ धावा कुटूनही उपयोग झाला नाही, कारण हवा होता तो १७० हून अधिक धावांचा विजय, आणि मिळाला ४२ धावांचा. चौदा गुणांचं कोलकाता पुढे अंतिम फेरीपर्यंत गेलं. थोडक्यात हुकलं, म्हणून त्या पाचव्या क्रमांकाची फारशी चर्चा झाली नाही. त्यानंतर मोठा लिलाव आला. गुजरात आणि लखनौ हे दोन नवे संघ आले आणि जुन्या संघांना जास्तीत जास्त चारच खेळाडू राखता येतील असा नियम झाला. मुंबईने रोहित, बुमरा, सूर्यकुमार यादव आणि पोलार्ड यांना ठेवलं. हार्दिक पांड्या गुजरातकडे गेला, बोल्ट राजस्थानकडे, डी कॉक आणि कृणाल लखनौकडे. २०२२ च्या त्या मोसमात हार्दिकच्या कप्तानीखाली गुजरात विजेता ठरला, राजस्थान उपविजेता झाला आणि लखनौही बाद फेरीत पोहोचलं. मुंबईची ताकद नाहीशी झाली नव्हती, तिची वाटणी झाली होती. विजयाच्या वर्षांत आपण म्हणत होतो की मुंबईची व्यवस्था जिंकते. व्यवस्थेत दम होता, पण ती ज्या सात-आठ माणसांच्या खांद्यावर उभी होती त्यांतली निम्मी गेल्यावर ती किती पेलते, याची परीक्षा कधी झालीच नव्हती.

म्हणजे व्यवस्थापन निर्दोष का? नाही. ईशान किशनवर सव्वापंधरा कोटी लावले. त्या मोसमात दुखापतीमुळे खेळणार नाही हे ठाऊक असताना जोफ्रा आर्चरला आठ कोटींना घेतलं. पुढच्या वर्षांतल्या फळासाठी आजचं ताट रिकामं ठेवण्याचा तो निर्णय होता, आणि ते फळही पदरात पडलं नाही. पुढच्या मोसमात आर्चर पाच सामने खेळला. ही चूक व्यवस्थापनाची, आणि ती त्यांच्या माथी मारायलाच हवी. मात्र तिचं वजन करताना शेजारचा काटाही बघावा. आदल्या वर्षी चषक जिंकलेली चेन्नई २०२२ मध्ये मुंबईएवढेच आठ गुण घेऊन नववी आली. स्पर्धेतले सर्वांत यशस्वी दोन संघ एकाच वर्षी तळाला गेले, तेव्हा कारण केवळ एका कप्तानाच्या फॉर्ममध्ये शोधणं हा आळस आहे.

या स्पर्धेची रचनाच तशी आहे. सगळ्यांच्या थैलीत सारखे पैसे, आणि दर काही वर्षांनी पत्ते पुन्हा पिसायचे. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये हे आणखी काटेकोर आहे. तिथे पगारावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली पसंती तळाच्या संघाला मिळते. तरीही न्यू इंग्लंड पेट्रियट्सने टॉम ब्रेडी आणि प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या जोडीने सहा विजेतेपदं मिळवली. हा ब्रेडी २००० च्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर उचललेला खेळाडू. २०२० मध्ये तो टँपा बे संघात गेला आणि पहिल्याच मोसमात त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. इकडे पेट्रियट्स सात सामने जिंकले, नऊ हरले. २०२३ मध्ये चार विजय आणि तेरा पराभव अशी दशा झाल्यावर बेलिचिकनाही जावं लागलं. वीस वर्षं तिथले लोक वाद घालत होते की श्रेय खेळाडूचं की प्रशिक्षकाचं. दोघं एकत्र होते तोवर या वादाचा निकाल लागणं शक्यच नव्हतं.

आता खऱ्या ताकदीची परीक्षा कशी असते ते सांगतो, आणि त्यासाठी मुंबईच्याच दुसऱ्या संघाकडे जातो. रणजी करंडक मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा जिंकला. त्यातला १९७०-७१ चा करंडक मला सर्वांत मोठा वाटतो. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सगळे तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्यांनी अंतिम सामन्यात आपल्या महाराष्ट्राच्या संघाला हरवलं. बिनीचे शिलेदार नसताना जिंकलेला करंडक सांगतो की दादर, माटुंग्याच्या मैदानांवर आणि कांगा लीगमध्ये मागची फळी तयार होती. म्हणून १९७४ मध्ये बंगळूरला उपांत्य सामन्यात कर्नाटकने पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढलं, तेव्हा एक पर्व संपल्याची भाषा झाली तरी मुळं शाबूत होती. पुढचे तिन्ही करंडक पुन्हा मुंबईने जिंकले. १९७४ चा पराभव मोठा दिसला आणि किरकोळ ठरला. २०२१ चा पाचवा क्रमांक किरकोळ दिसला आणि मोठा ठरला. नुसता गुणतक्ता पाहून हा फरक कुणालाही सांगता आला नसता.

त्या १९७४ सालाला आणखी एक बाजू आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवणारे अजित वाडेकर १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोटी हरले. लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये उभारलेल्या बॅटला लोकांनी डांबर फासलं. वाडेकर त्यानंतर भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. तीन वर्षांत माणूस तोच होता, आणि १९७१ चे विजयही पुसले गेले नव्हते. एका दौऱ्यावर माणसाची किंमत ठरवण्याची घाई तेव्हाही होती.

ती आजही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितच्या जागी गुजरातहून परतलेल्या हार्दिकला कप्तान केलं आणि २०२४ मध्ये मुंबई पुन्हा चौदापैकी चार सामने जिंकून शेवटची आली. वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. तुम्ही म्हणाल, इथे तरी कप्तानाचा दोष उघड आहे. बदल ज्या पद्धतीने झाला त्यात चुकलंच असेल. पण २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक याच हार्दिकने टाकलं, १६ धावांचा बचाव केला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. दोन महिन्यांत त्याचा स्वभाव बदलला नव्हता, गोलंदाजीही नाही. २०२५ मध्ये तोच कप्तान असताना मुंबई पहिल्या पाचपैकी चार सामने हरली, मग सलग सहा जिंकली आणि चौथ्या क्रमांकाने बाद फेरीत गेली. बोल्ट मुंबईत परतला होता, ही गोष्ट मला कप्तानीच्या चर्चेपेक्षा जास्त बोलकी वाटते. त्याच मोसमात चेन्नई शेवटची आली, हे मुंबईच्या चाहत्यांना मी सांगायची गरज नसावी.

यात एवढं डोकं कशाला घालायचं, मालकांची स्पर्धा, विकत घेतलेले खेळाडू, करमणूक म्हणून सोडून द्यावं, असंही काही पालक म्हणतील. मलाही ते पटलं असतं. पण मार्च २०२४ मध्ये आपल्याच करवीर तालुक्यात रोहित बाद झाल्यावरून वाद झाला, मारहाण झाली आणि त्यात एका वडीलधाऱ्या माणसाचा जीव गेला. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची आणि तालमींची ईर्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, तिची गोडीही आपल्याला आहे. निकाल म्हणजे इज्जत, अशी गाठ एकदा बसली की खेळ कसा झाला हे पाहायला डोळाच उरत नाही. त्या गाठीवर व्याख्यानांचा उपाय चालेल असं मला वाटत नाही. खेळ बारकाईने पाहायची सवय कदाचित चालेल.

म्हणून जिमखान्याच्या प्राध्यापकांना आणि इथल्या सगळ्या कर्णधारांना एक व्यावहारिक सूचना करतो. वार्षिक अहवालात विजयांची यादी असते आणि ती असावी. पुढच्या वर्षीपासून जिंकलेल्या प्रत्येक अंतिम सामन्याखाली तीन ओळी लिहा: फरक किती होता, समोरच्या संघात कोण नव्हतं, आणि आपला सर्वांत चांगला खेळाडू त्या दिवशी आजारी असता तर काय झालं असतं. हरलेल्या सामन्यांखालीही त्याच तीन ओळी. शेवटच्या वर्षाची मुलं जूनमध्ये निघून जातील, तेव्हा संघनिवडीला बसणाऱ्यांच्या हातात ती वही असू द्या. आता बक्षीसपात्र विद्यार्थी बराच वेळ ताटकळले आहेत, त्यांना बोलवायला हरकत नाही.