चार पानांची गंमत



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा भाषण कसले, एक खेळ सांगते.

नाशिकजवळ देवळालीस कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ मध्ये हे गुपित शोधले. पत्त्यांतून एक्का ते नव्वीपैकी कोणतीही चार पाने घ्यावीत. चारही सारखी मात्र नकोत. मोठ्यापासून लहान अशी मांडून आकडा वाचावा, मग उलट मांडून वाचावा, आणि वजाबाकी करावी. समजा दुर्री, तिर्री, चौकी, पंजी आली. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. शून्याला दश्शी धरावी. पुन्हा ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च! फार तर सात वजाबाक्या लागतात. पुढचे शून्य मात्र गाळू नये, नाहीतर सगळे फसते.

साताऱ्यास माझ्या माहेरी पत्त्यांना बंदी होती. घरातल्याच एकाने तीनपत्तीत आईच्या पाटल्या घालविल्या. सांगलीस सासरी आले तरी पाने पिसल्याचा आवाज मला सोसत नसे. पण धाकटीला गणिताची धास्ती, म्हणून यंदा मीच जोड विकत आणला. मला खोटे पाडण्यासाठी तिने वहीची आठ पाने वजाबाक्यांनी भरली! दिवाळीत आई आली, तेव्हा नातीने चार पाने तिच्यापुढे धरली. आई बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, "पैसे नाहीत ना यात?" आणि एक्का उचलला.

जोड टेबलावर ठेवला आहे. चहा होईपर्यंत ज्यांना हवी त्यांनी चार पाने काढावीत.