महल मालाडचा





व्हिक्टोरियन साहित्य आणि भयकथा हा विषय निघाला की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे राजाबाई टॉवर येतो, व्हीटी येते. मग त्यावरचे हे चर्चासत्र मालाडसारख्या उपनगरात का? कारण आपल्या सिनेमातला एक मोठा झपाटलेला वाडा इथला आहे. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी केली ती या मालाडात. याच संस्थेने १९४९ साली 'महल' काढला. दिग्दर्शन कमाल अमरोहींचे, कॅमेरा जोसेफ विरशिंग या जर्मन छायालेखकाचा. ओसाड वाडा, भिंतीवर नव्या मालकाच्याच चेहऱ्याची तसबीर आणि रात्री झोपाळ्यावर गाणारी स्त्री. गाणे दुरून जवळ येत आहे असे वाटावे म्हणून आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आलो, ही आठवण त्या गाण्याच्या गायिका लतादीदी सांगत.

शेवटी उलगडते की ती गाणारी स्त्री भूत नाही, माळ्याची मुलगी आहे. मला हा चित्रपट मोठा वाटतो तो इथे. मालकाच्या आयुष्यात शिरायला या मुलीला भूत होण्यावाचून दुसरी वाट नाही! 'जेन एअर' या व्हिक्टोरियन कादंबरीतल्या (१८४७) माडीवर कोंडलेल्या बायकोवर जगभर किती लिहिले गेले. आमच्या माळ्याच्या मुलीलाही तितक्याच गांभीर्याने वाचणारे संशोधक हवेत.

मराठीत व्हिक्टोरियन साहित्याशी नाते जोडण्याची वाट जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) इंग्लंडमधल्या लोकप्रिय कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली. पुढे भयकथाकार नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय मराठी घरांत, मराठी नात्यांत आणले. धारपांच्या कथेचे बीज २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटात आहे. तरीही धारपांवर प्रबंध लिहायचा म्हटले की विद्यार्थी बिचकतो. तो संकोच आज इथे सोडा.

एक कळकळीची विनंती आहे. भयकथांची पुस्तके लायब्ररीतून हातोहात फिरली, पाने सुटली, बरीच रद्दीत गेली. कोणाच्या घरी जुनी प्रत असेल तर तिची आवृत्ती, प्रकाशक, लायब्ररीचा शिक्का टिपून ठेवा आणि मगच ती कोणाला द्या. कोणी काय वाचले, हे उद्याच्या संशोधकाला तिथूनच कळेल.

बीजभाषकांनी आता चर्चासत्राला सुरुवात करावी, अशी विनंती करते.