गावानं छापलेले सुट्टे पैसे

दुकानात सुट्टे नसले की हातावर गोळ्या-चॉकलेट मिळतात, नाहीतर ‘दोन रुपये देणे’ अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी त्याच दुकानात चालते, शेजारच्या नाही. आज आम्ही अशाच चिठ्ठ्यांबद्दल बोलणार आहोत, पण त्या अख्ख्या गावांनी छापलेल्या.

साल 1914, देश जर्मनी. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. कागदापेक्षा धातूवर भरवसा जास्त, हे बाईमाणसाला कुठल्याच देशात सांगावं लागत नाही! पुढे तांबं, निकेल लढाईच्या सामानाला लागलं. मोठी नोट हातात आहे, पण पाव घ्यायचा कसा, मजुरी चुकवायची कशी?

मग नगरपालिका, बचत बँका, कारखाने यांनी स्वतःच छोट्या नोटा काढल्या. 10, 25, 50 फेनिगच्या. 100 फेनिग म्हणजे एक मार्क. या पैशाला तिकडे ‘नोटगेल्ड’ म्हणत. यातला ‘नोट’ म्हणजे आपली नोट नव्हे बरं का, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ अडचण. अडचणीचा पैसा! त्यावर नगराध्यक्षाची सही, शिक्का आणि बहुतेक वेळा मुदत असे. मुदतीत नेऊन दिली की खरे पैसे मिळत. गावाबाहेर ती सहसा कुणी घेत नसे. गावात मात्र चाले, कारण आम्हाला वाटतं, सही करणारा माणूस लोकांच्या ओळखीचा होता.

बीलेफेल्ड हे कापडाचं शहर. तिथल्या बचत बँकेनं रेशमावर, तागाच्या कापडावर, मखमलीवर नोटा छापल्या, काहींना लेसची किनारसुद्धा लावली. हामेलन गावानं आपल्या गोष्टीतला बासरीवाला आणि उंदीर छापले. नोटा इतक्या देखण्या, की लोक त्या जमवू लागले.

खरी गोम इथंच आहे. जपून ठेवलेली नोट परत येत नाही, म्हणजे तिचे पैसे नगरपालिकेला द्यावेच लागत नाहीत. हे ध्यानात आल्यावर कित्येक गावांनी फक्त विकण्यासाठी नोटा छापल्या. काहींची मुदत तर विक्रीला येण्याआधीच संपलेली असे! शेवटी 1922 मध्ये सरकारनं बंदी घातली.

पण 1923 मध्ये महागाई इतकी भडकली, की गावांना पुन्हा छापखाने सुरू करावे लागले. आता आकडे लाखांचे, कोटींचे. त्या नोव्हेंबरात नवं चलन आलं, तेव्हा जुने एक लाख कोटी मार्क देऊन नवा एक मार्क मिळाला. रोकड साठवून ठेवणाऱ्यांची जन्माची पुंजी बुडाली.

आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा जुनागढ, मोरवी, बिकानेर या संस्थानांनी पैसा-आण्याची छोटी कुपनं काढली होती. तुमच्या गटातल्या कुणा आजींना सुट्ट्यांच्या टंचाईचे ते दिवस आठवत असतील, तर त्यांना नक्की बोलतं करा.