पावसाआधीचे पंधरा दिवस
(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नवीन गावात एकट्याने जम कसा बसवावा, या विषयावर मी दोन शब्द बोलावेत असे मंडळाने सुचवले. कारण उघड आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास आपल्या विदर्भातली काही मुले इकडे येतात. कोणी रुळाच्या कामावरच्या ठेकेदाराकडे, कोणी कारखान्याच्या दुरुस्तीच्या कामावर. काम चार-सहा महिन्यांचे, आणि मुलगा एकटा. आज मांडवात अशी काही मंडळी मागे उभी दिसत आहेत. त्यांनी पुढे येऊन बसावे, खुर्च्या रिकाम्या आहेत.

हंगामी कामाला बाहेर पडणे आपल्याकडे नवे नाही. बीडकडचे ऊसतोड कुटुंब दसऱ्यानंतर निघते ते मुकादमाकडून उचल घेऊन, संसारासकट. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. आपले छत्तीसगढी शेजारी धानाची कापणी झाली की 'कमाए-खाए' बाहेर पडतात, तेही एका गावचे दहा-पंधरा जण मिळून. दुर्ग-रायपूरच्या फलाटावर बोचकी, भांडी, लेकरे घेऊन बसलेले हे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांचे हाल फार आहेत, त्यावर वेगळे व्याख्यान व्हायला हवे. पण निदान ताप आला तर पाणी द्यायला सोबत माणूस असतो. आपला डिप्लोमावाला मुलगा मात्र एक बॅग आणि सर्टिफिकेटांची फाइल घेऊन एकटाच उतरतो.

मीही असाच उतरलो होतो, रत्नागिरीला, २००३ च्या मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात. सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच हाती आला होता. कोकण रेल्वेच्या मार्गावर एका ठेकेदाराकडे जून ते ऑक्टोबर एवढ्याच मुदतीचे काम मिळाले. कटिंगमधील सैल दगड काढण्यावर आणि गस्तीच्या माणसांच्या हजेरीवर देखरेख करायची. पुलगावहून सेवाग्राम एक्सप्रेसने मुंबई, तिथून रात्रीची कोकणकन्या, पहाटे रत्नागिरी. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावजवळ आहे. माझ्या घरात त्यापूर्वी कोणी समुद्र पाहिला नव्हता.

आता हे काम काय असते ते थोडे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर कापून केलेला मार्ग, त्यामुळे पावसात माती आणि दगड रुळावर येण्याची भीती. म्हणून तिथे पावसाळ्याचे वेळापत्रकच वेगळे असते. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची. अलीकडच्या पावसाळ्यांत त्या मार्गावर सहाशेहून अधिक माणसे गस्तीला असतात. हातात बत्ती, लाल झेंडी, शिट्टी आणि पिशवीत डेटोनेटर, ज्याला आपले गँगवाले फटाका म्हणतात. रुळावर धोका दिसला तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे. रात्री दोन वाजता, धो-धो पावसात, धावत.

मला कामावर ९ जूनला हजर व्हायचे होते. मी पंधरा दिवस आधी गेलो, तो वडिलांच्या आग्रहाने. ते म्हणाले, "बापू, कामाच्या आधी गाव पाहून घे." ठेकेदार त्या दिवसांचा एक पैसा देणार नव्हता. घरून आणलेले अठराशे रुपये, तेवढ्यात भागवायचे.

पहिले दोन दिवस एस.टी. स्टँडजवळ लॉजवर काढले. तिसऱ्या दिवशी एका खानावळवाल्याने कुवारबावकडच्या एका काकूंचे घर सांगितले. पडवीला लागून खोली, भाडे महिना चारशे. काकूंनी नाव, गाव, आईवडील काय करतात, सगळे विचारले आणि मग म्हणाल्या, "घरचो फोन नंबर हाय?" घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानदाराचा होता. तो त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर मे महिन्याच्या पानामागे लिहिला. जून लागला, पान उलटले, तेव्हा आठवणीने पुन्हा नव्या पानावर उतरवला. मला तेव्हा गंमत वाटली होती.

त्या घरात पावसाची बेगमी चालू होती. लाकडे रचणे, आमसुले, फणसाची साठे, सुकी मासळी, आणि पडवीला माडाच्या झापांचा आडोसा. मी हातभार लावला, तेवढ्याने मी घरचा झालो. जेवणाचे मात्र जड गेले. ज्वारीची भाकर कुठेच नाही. उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी, पहिला आठवडा पोट कुरकुरले. पण हे कुरकुरणे काम सुरू होण्याआधी उरकले, हा फायदा लहान नाही. पावसात बावीस वर्षांचा पोरगा आजारी पडला तर त्याची रोजी बुडते, आणि त्याच्या जागेवर दुसरा उभा करावा लागतो.

दुपारनंतर मी रुळावर जाई. रत्नागिरी ते निवसर या टप्प्यात पानवल नदीवरचा उंच पूल आहे, ६४ मीटर. तिथला एक जुना ट्रॅकमन मला सोबत नेई. त्याची पद्धत अशी, की प्रत्येक कटिंगपाशी थांबून विचारायचा, "पाणी कुठून येईल?" उन्हात कोरडा ठणठणीत डोंगर, पाण्याचा टिपूस नाही, आणि हा विचारतो पाणी कुठून येईल. मग तोच दाखवी: ही भेग, हा झऱ्याचा डाग, हे झाड वाकले आहे बघ. रात्री पावसात डोळ्यांना काही दिसत नाही, पायाला ओळख असते, एवढेच. ती ओळख कोरड्यात करून घ्यावी लागते. आज मी सेक्शन इंजिनिअर म्हणून नवीन मुलांना बीट दाखवतो तेव्हा तोच प्रश्न विचारतो. आपल्याकडे दरड नाही, पण कन्हार माती आहे. पावसात ती फुगते आणि रुळाखालची गिट्टी चिखलात बसते. उन्हाळ्यात उलट, रूळ तापून वाकू नये म्हणून भर दुपारी गस्त. माती बदलली तरी प्रश्न तोच.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि आला तो अंगावरच. २२ जूनच्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीवर घसरली. पन्नासहून अधिक माणसे गेली. मी तिथून शंभरेक किलोमीटर उत्तरेला माझ्या बीटवर होतो. मोबाइल माझ्याकडे नव्हता. सकाळी आकाशवाणीवर बातमी ऐकताच काकूंनी पुतण्याला सायकलवर स्टेशनला पिटाळले, मी सुखरूप असल्याची खात्री केली आणि एस.टी.डी. बूथवरून पुलगावच्या दुकानदाराला फोन लावला. माझ्या आईला पेपर येण्याआधी निरोप मिळाला. मला हे सगळे दुपारी खोलीवर परतल्यावर कळले.

माझ्याबरोबर मराठवाड्यातला एक मुलगा होता. तो ९ तारखेला सकाळी उतरला आणि थेट साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. कामाला चांगला, माझ्यापेक्षा हुशार. पण गावात त्याला कोणी ओळखत नव्हते आणि घरच्यांना 'कोकणात रेल्वेवर आहे' एवढेच ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ त्याला शोधत आला. अपघाताच्या ठिकाणी आणि इस्पितळात जाऊन, तिथल्या याद्या वाचून मग रत्नागिरीला. भावाला समोर पाहून तो खाली बसला, बोलेना. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेला. पगाराचे बारा दिवस ठेकेदाराकडे राहिले ते राहिलेच. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली, तेव्हा मला पहिल्यांदा त्या भावाचा चेहरा आठवला.

आता हातात मोबाइल आहे, लोकेशन पाठवता येते, मग काकू कशाला, असे कोणी म्हणेल. मोबाइल भिजतो, रेंज जाते. आणि आई फोन लावून लावून थकली तर विचारणार कोणाला? त्या गावात एक तरी माणूस असा हवा, ज्याला तुम्ही रात्री कुठे आहात हे ठाऊक आहे.

मंडळाने काय करावे, याबद्दल कार्यकारिणीशी माझे बोलणे झाले आहे. प्रसादाच्या टेबलावर आजपासून एक वही ठेवली आहे. नाव, खोली कुठे, काम कोणाकडे, घरचा एक नंबर आणि घराशेजारचा एक. वही सचिवांकडे राहील, कोणा ठेकेदाराला दिली जाणार नाही. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे त्यांनी मागच्या पानावर लिहावे. दोन खोल्या आत्ताच लिहिल्या गेल्या आहेत. एक स्टेशनजवळ आहे आणि एक चरोद्याच्या बाजूला. रात्री-अपरात्री दवाखान्याची गरज पडली तर टाटीबंधचे एम्स आपल्याला जवळ आहे. न्यायला गाडी कोणाची, तेही वहीत लिहायचे आहे, आणि तो रकाना अजून कोरा आहे. आरतीला दहा मिनिटे आहेत. पेन टेबलावर दोरीला बांधून ठेवले आहे.