रुआबांध्याच्या परसातील तिखट मिरची

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. सोव्हिएत संघाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि धानाच्या बांधांनी वेढलेल्या या मुलखात एक औद्योगिक नगरी वसली. तिच्या दक्षिण अंगाला असलेले रुआबांधा हे जुन्या वस्तीचे आणि कारखान्याच्या निवासी सेक्टरचेही नाव आहे. कामगारांच्या एकमजली घरांमागे जी थोडीफार मोकळी जमीन राहिली, तिच्यात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांनी आपापली चव रुजविली. नागपूर-गोंदियाकडून आलेल्या मराठी कुटुंबांनी या परसात जे सर्वांत आधी लावले असेल, ते मिरचीचे रोप होय, असे समजावयास हरकत नाही.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नव्हता. अठराव्या शतकात रतनपूरला नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि 1956 पर्यंत छत्तीसगढचा कारभार नागपूरहूनच चालत असे. त्यामुळे शेजारघरची छत्तीसगढी गृहिणी बोरे-बासीसोबत, म्हणजे पाण्यात भिजविलेल्या भातासोबत, कांदा आणि हिरवी मिरची वाढते आणि वऱ्हाडी गृहिणी भाकरीसोबत ठेचा वाढते, तेव्हा दोघींचे नाते कुंपणापलीकडून सहज जुळते. टोमॅटोला छत्तीसगढीत पताल म्हणतात; पाट्यावर वाटलेली पतालची चटणी मिरचीवाचून होत नाही. परसाला येथे ‘बारी’ हा शब्द आहे आणि उकिरड्याच्या खताला ‘घुरवा’. 2019 पासून काही वर्षे छत्तीसगढ शासनाने ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ या नावाने जी योजना राबविली, तिने हे घरगुती शब्द शासकीय कागदावर आणले. बारी मात्र योजनेच्या आधीही होती आणि नंतरही आहे.

परसबागेविषयी बोलताना एक गोड गैरसमज नेहमी आढळतो. दोन कुंड्या लावल्या की घरची मिरची सुटली, असे सांगितले जाते. हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या घरात रोज आठ मिरच्या लागतात असे धरले आणि एक मिरची सुमारे चार ग्रॅमची मानली, तर महिन्याला जवळजवळ एक किलो होते. शेतात 60 बाय 45 सेंटिमीटर अंतरावर लागवड केली म्हणजे हेक्टरी सुमारे 37 हजार झाडे बसतात. हिरव्या मिरचीचे हेक्टरी शंभर क्विंटल उत्पन्न धरले, तर दर झाडामागे 270 ग्रॅम पडतात. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने निभावण्यासाठी अठरा झाडे हवीत. त्यांना जागा लागते पाच चौरस मीटर. रुआबांध्याच्या परसात ही जागा निघते. दोन कुंड्यांत ती निघत नाही. निगा चांगली असेल तर झाड अधिकही देते, पण आरंभीच आशा फुगवून ठेवणे बरे नव्हे.

जमिनीचा विचार आधी करावा. दुर्ग परिसरात भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी मातीची नावे लोकांच्या तोंडी आहेत. भाठा ही मुरमाड, लालसर आणि हलकी. कन्हार ही काळी, भारी आणि पाणी धरून ठेवणारी. मिरचीला यांतील कोणतीच टोके मानवत नाहीत. भाठ्यात ती तहानेने वाळते आणि कन्हारात पावसाळ्यात गुदमरते. मिरचीची मुळे उथळ असतात आणि एक दिवस जरी बुडाशी पाणी तुंबले तरी झाड माना टाकते. नवखा माणूस ते तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी घालतो. परसातील मिरची कीडरोगाने मरते त्याहून अधिक या मायेच्या पाण्याने मरत असावी. यावर उपाय जुनाच आहे. वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात कुजलेले शेणखत अथवा घुरव्याचे खत मिसळावे आणि चहूबाजूंनी पाणी निघून जाईल अशी चरी ठेवावी. मागील वर्षी जेथे वांगी, टोमॅटो किंवा बटाटे होते ती जागा टाळावी. ही सर्व एकाच कुळातली असल्याने त्यांचे रोगही सामाईक असतात.

मे महिन्याच्या अखेरीस बी टाकावे. आठ ते बारा दिवसांत ते उगवते. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी बियाण्यास चोळली तर रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचे प्रमाण कमी होते. रोपांवर पहिल्या दिवसापासून बारीक जाळीचे नायलॉन कापड ताणावे. जुनी मच्छरदाणी असेल तर तिचे दोन पदर चालतात. हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून बहुतेक घरी राहून जाते. वस्तुतः साऱ्या हंगामाचा निकाल याच पाच-सहा आठवड्यांत लागतो. पांढरी माशी कोवळ्या रोपाला पर्णगुच्छाचा विषाणू देऊन जाते, त्याची खूण महिन्याभराने दिसते आणि तोवर इलाज उरलेला नसतो.

पस्तीस ते चाळीस दिवसांची रोपे जुलैच्या आरंभी, ढगाळ दिवशी संध्याकाळच्या वेळी लावावीत. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत पाणी घालण्यापेक्षा पाणी काढण्याचीच चिंता अधिक असते. भोवती मक्याच्या दोन ओळी पेरल्या असतील तर उडत्या किडींना आडोसा मिळतो आणि मुलांना कणसे मिळतात.

चुरडामुरडा, ज्याला विदर्भात कोकडा म्हणतात, त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण परसबागेत सर्वांत अधिक पैसा आणि विष याच्यापायी खर्च होते. पाने आकसलेली दिसली की माणूस दुकानात जाऊन ‘मिरचीचे औषध’ मागतो. पण पान आकसण्याची कारणे तीन आहेत. पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून पान द्रोणासारखे झाले, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम होय. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखे दिसले आणि देठ लांबला, तर कोळी समजावा. पाने बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला आणि झाड खुजे राहिले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे कीटकनाशकांपैकी अनेकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे उपकारक जीव मरून तो वाढतो. विषाणूवर तर कोणतेच औषध नाही. ते झाड उपटून पुरणे एवढाच मार्ग राहतो, आणि अठरांपैकी एक झाड उपटण्यास हात धजत नाही म्हणून पुढे सहा जातात.

फुलकिडे व पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावी, सकाळी पिळून गाळावी, साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावी. निळे चिकट सापळे फुलकिड्यांना आणि पिवळे पांढऱ्या माशीला ओढतात. 2021 च्या अखेरीस आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या शेतांवर एका परदेशी काळ्या फुलकिड्याने मोठा घाला घातला. हा कीटक फुलातच दडून बसतो, म्हणून आता पानाबरोबर फूलही उलगडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. परसातील मिरची सकाळी तोडून दुपारी कच्ची खाल्ली जाते. रासायनिक फवारणीनंतर जेवढे दिवस तोडणी थांबवावयाची असते, तेवढे दिवस कोणतेही घर थांबत नाही. त्यामुळे शेताला लागू पडणारा सल्ला परसाला जसाच्या तसा देऊ नये.

सप्टेंबरात फुले धरतात, ऑक्टोबरपासून तोडा सुरू होतो आणि दर दहा-पंधरा दिवसांनी तो चालू राहतो. हिरव्या मिरच्या वेळेवर तोडल्या तर नवी फुले येत राहतात. तिखटपणाचे स्थान बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात आहे. बियांना तो लागून येतो, इतकेच. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही, म्हणून बुलबुल लाल मिरच्या खुशाल नेतात. मनुष्याच्या जिभेला तो दाहासारखा का वाटतो, याचे उत्तर उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहकात सापडले आणि त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हंगेरीतील सेगेद येथे आल्बेर्त सेंट-ग्यॉर्गी यांनी मिरचीच्याच एका जातीतून क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात काढले होते. त्यांना 1937 साली नोबेल मिळाले. मात्र दोन कच्च्या मिरच्यांतून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते आणि फोडणीत त्यातील बरेचसे नष्ट होते. बासीसोबत कच्ची मिरची खाण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. भातातील लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्व साहाय्य करते. पण तेवढ्यावर पोषणाचा प्रश्न सुटला असे कोणी मानू नये.

आता बियाण्याचा प्रश्न, आणि रुआबांध्यासारख्या ठिकाणी तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कारखान्याच्या घरामागचा परस हा त्यात राबणाऱ्याच्या मालकीचा नसतो. वीस-पंचवीस वर्षे खत घालून कसदार केलेली माती निवृत्तीनंतर घराबरोबर मागे राहते. सोबत नेता येते ते बी. परंतु दुकानातील संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत; दरवर्षी नवी पुडी घ्यावी लागते. सरळ वाण असेल तर बी धरता येते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा ज्वाला, लांब व सुरकुत्या असलेल्या फळांचा, हा असाच सरळ वाण आहे. त्याच संस्थेच्या पुसा सदाबहारची फळे घोसाने आणि आकाशाकडे तोंड करून येतात आणि झाड दोन-तीन वर्षे टिकते. नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला तर भौगोलिक मानांकन लाभले आहे.

तरीही केवळ सरळ वाण असून भागत नाही. मिरचीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या बारीतील परागकण घेऊन येतात. कुंपणापलीकडे भोपळी मिरची असेल, तर यंदाचे फळ तिखटच लागेल, पण त्यातील बियांतून पुढच्या वर्षांत भलतीच फळे निघतील. प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांत दोनशे मीटर अंतर राखतात. वसाहतीत ते अशक्य आहे. त्यावर सोपी युक्ती अशी की, निरोगी झाडाची एक फांदी निवडावी, तिच्यावरील उमललेली फुले काढून टाकावीत आणि कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधावी. मिरचीचे फूल आपल्याच परागाने फळते. रोज फांदीला हलकी टिचकी मारावी. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घरातील कोणी ते ठेच्यासाठी तोडणार नाही. चुरडामुरडा झालेल्या झाडाचे बी मोहाने धरू नये.

जानेवारीत ही फळे पूर्ण लाल होतात. ती सावलीत वाळवावीत, बी हातमोजे घालून काढावे, चाळणीच्या राखेत घोळवून कागदी पुडीत घालावे आणि पुडीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. उरलेल्या जाड मिरच्या ताकात भिजवून, मीठ लावून उन्हात टाकण्याचे दिवसही हेच. मराठी घरातील सांडगी मिरची आणि शेजारची मही मिर्चा एकाच गच्चीवर वाळत असतात. एप्रिलनंतर पारा चाळिशीपलीकडे गेला की फुले गळू लागतात. तेव्हा झाडांची हलकी छाटणी करून त्यांतील दोन-तीन शेवग्याच्या, म्हणजे येथल्या मुनग्याच्या, पूर्वेकडील सावलीत जगवावीत आणि बुडाशी धानाचा पेंढा अंथरावा. बाकीची उपटून त्या वाफ्यात पावसाबरोबर चवळी पेरावी. मे अखेरीस पुडी पुन्हा उघडेल, तेव्हा मिरचीचा वाफा परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असेल.